पद्मदुर्गाची रसद

बेटावरच्या माणसाला खारे पाणी तेवढे फुकट. दाणा, सरपण सारे होडीने यावे लागते. मुरूडसमोरच्या कांसा बेटावर शिवाजी महाराजांनी सिद्दीच्या जंजिऱ्याला शह म्हणून पद्मदुर्ग उभारला, तेव्हा तेथील चूल प्रभावळीच्या सुभेदाराच्या हाती होती. जिवाजी विनायक याने दौलतखान व दर्यासारंग यांस नेमलेला ऐवज व गल्ला पोचविला नाही. या दिरंगाईत महाराजांना फितुरीचा वास आला. जानेवारी १६७५ च्या पत्रात, हबशाचा पैसा पोचला असावा असा संशय व्यक्त करून, ब्राह्मण म्हणून गय होणार नाही, असे त्यांनी बजावले. दिल्लीच्या कचेऱ्यांत कागद हाताळणाऱ्या आपणांस हे पत्र परके वाटू नये. आपल्या एका सहीवाचूनही दूर कुठे चूल थंड राहत असेल.