सोमवारी येऊन बघतो तर काम गायब!

आजच्या भागात एका वैतागलेल्या गणितज्ञाची गोष्ट आहे. साल १९४७, अमेरिकेतली बेल लॅब्ज. रिचर्ड हॅमिंग तिथे तसा नवीन, त्यामुळे रिलेवर चालणारा कॉम्प्युटर त्याच्या वाट्याला यायचा तो शनिवार-रविवारी. रिले म्हणजे विजेनं उघडझाप करणारा स्विच. असे हजारो स्विच म्हटल्यावर एखादा अडकणारच ना. मशीनला ते कळायचंही. एका अंकासाठी पाचपैकी नेमके दोन रिले चालू हवेत, एक किंवा तीन दिसले की समजायचं, गडबड आहे. एरवी ऑपरेटर येऊन निस्तरायचा. सुट्टीला ऑपरेटर नाही, म्हणून मशीन ते काम सोडून द्यायचं आणि पुढचं घ्यायचं.

लागोपाठ दोन आठवडे हॅमिंगचं काम असंच बुडालं. तो भडकला, आणि त्या रागातून प्रश्न आला: चूक झाली एवढं मशीनला कळतं, मग ती कुठे झाली हे का कळू नये?

यावर कुणालाही सुचेल असा उपाय म्हणजे प्रत्येक बिट तीनदा लिहायचा आणि बहुमत घ्यायचं. समजा, शंभरात एक बिट बिघडतो. चार बिट तसेच पाठवले तर कुठेतरी चूक होण्याची शक्यता साधारण १०० मध्ये ४. तीन-तीनदा पाठवले तर १०,००० मध्ये १२. भारीच की! पण चार बिटांसाठी बारा बिट खर्च झाले.

हॅमिंगनं तेच काम सातात बसवलं. चार बिट माहितीचे, तीन तपासणीचे. प्रत्येक तपासणी-बिट सातांपैकी ठरावीक जागांवर लक्ष ठेवतो: त्या जागांवरच्या १ ची संख्या सम आहे ना? तीन तपासण्या, प्रत्येकीचं उत्तर पास किंवा नापास, म्हणजे एकूण आठ निकाल. त्यातल्या एकाचा अर्थ ‘सगळं ठीक’, उरलेले सात सात जागांसाठी. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की पहिल्या तपासणीची किंमत १, दुसरीची २, तिसरीची ४ धरायची आणि नापासांची बेरीज करायची. पहिली आणि तिसरी नापास? १ अधिक ४, पाचवा बिट चुकलाय. उलटा करा, झालं!

इथे चूक सुटण्याची शक्यता १०,००० मध्ये साधारण २०. म्हणजे बारा बिटांपेक्षा थोडी जास्तच, पण बिट जवळपास निम्मे.

आता यातली खरी भीती. सातात दोन बिट बिघडले तर हा कोड तिसऱ्याच, चांगल्या बिटाला चूक समजून उलटा करतो. आणि वर सांगतो, दुरुस्त केलं! हॅमिंगचं जुनं मशीन निदान काम टाकून तरी द्यायचं. चुकीचं उत्तर खरं म्हणून हातात पडणं त्याहून वाईट. म्हणून आणखी एक तपासणी-बिट जोडतात: एक चूक दुरुस्त होते, दोन झाल्या तर नुसती बोंब ठोकायची. सर्व्हरच्या मेमरीत ६४ बिटांमागे ८ जादा असतात ते याच हिशोबानं.

बेल लॅब्जला पेटंट हवं होतं, म्हणून हॅमिंगचा लेख छापून यायला १९५० उजाडलं. त्याचा सात बिटांचा कोड मात्र क्लॉड शॅननच्या १९४८ च्या लेखात आधीच येऊन गेला होता. तो वाचून मार्सेल गोले यानं १९४९ मध्ये स्वतःचे कोड छापले. पेटंटच्या रांगेत थांबलं की असं होतं!

शॅननचा मुद्दा आणखी मोठा होता. तोवर समज असा, की चूक शून्याकडे न्यायची तर माहितीचा वेगही शून्याकडे जाणार. शॅनन म्हणाला, नाही. प्रत्येक लाइनची एक क्षमता असते. वेग तिच्या आत ठेवा, मग चुकीची शक्यता हवी तितकी कमी करता येते. फक्त त्यासाठी लांबलचक ब्लॉक लागतात, म्हणजे थांबा जास्त, आकडेमोड जास्त. असे कोड बांधायचे कसे, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. त्यात पुढच्या लोकांची दशकं गेली.

त्यातला एक कोड तुम्ही आजच वापरला असेल. १९६० मध्ये आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी तो मांडला आणि १९९४ मध्ये जपानमध्ये तयार झालेल्या क्यूआर कोडमध्ये तोच आहे. क्यूआर बनवताना चार पातळ्यांतून एक निवडायची असते. सगळ्यात खालची साधारण ७ टक्के बिघाड सोसते, वरची ३० टक्के. मग सगळे वरचीच का घेत नाहीत? कारण तोच मजकूर जास्त चौकोनांत जातो, स्टिकर तेवढाच राहिला तर चौकोन बारीक होतात आणि साधा कॅमेरा लांबून अडखळतो. मधोमध लोगो चिकटवला तर त्याखाली झाकलेले चौकोनही चूक म्हणूनच मोजले जातात. ते त्या ३० टक्क्यांतूनच वजा होणार, आणि टपरीवरच्या चहाच्या डागांसाठी तेवढी जागा कमी उरणार.