समलैंगिक स्त्रियांचे कायदेशीर संरक्षण (भारत)

समलैंगिक, उभयलैंगिक व क्विअर स्त्रियांना भारतात मिळणारे कायदेशीर हक्क आणि ते बजावण्याचे मार्ग. समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे ३७७ वे कलम या स्त्रियांना प्रत्यक्षात क्वचितच लागले. त्याची भीती मात्र घालता येत असे. त्यांना खरा त्रास झाला तो घरच्यांच्या पोलीस तक्रारीचा. मुलगी हरवल्याची नोंद होते, जोडीदारणीवर पळवून नेल्याचा आळ येतो, आणि पोलीस सज्ञान मुलीलाही आईवडिलांच्या हवाली करतात. पुढे फोन काढून घेणे, कोंडून ठेवणे, घाईने लग्न लावणे. संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळणाऱ्या नवतेज सिंग जोहर निकालाने (६ सप्टेंबर २०१८) यातले काहीच आपोआप थांबले नाही.

म्हणून या स्त्रियांचा मुख्य आधार म्हणजे उच्च न्यायालयातील हेबियस कॉर्पस याचिका, म्हणजे डांबून ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याची मागणी. तिथेही आईवडील समोर उभे असताना मुलीने ‘मला घरी राहायचे नाही’ म्हणणे सोपे नसते. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने न्यायिक अधिकाऱ्यामार्फत मुलीशी स्वतंत्रपणे बोलणे करवले. तिने घरीच राहायचे असल्याचे सांगितल्याने याचिका फेटाळली. पण ११ मार्च २०२४ च्या त्याच निकालाने सर्व न्यायालयांना बजावले की अशा याचिका आधी ऐकाव्यात, मुलीशी एकांतात बोलावे, पोलीस संरक्षण तातडीने द्यावे आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलू पाहू नये. 

घरातल्या मारहाणीविरुद्ध २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदाही उपयोगी पडतो. मुंबईतून गेलेल्या हर्सोरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द त्या कायद्यातून काढून टाकल्याने आई किंवा बहिणीविरुद्धही दाद मागता येते. मुंबईत ‘स्त्री संगम’ (पुढे ‘लेबिया’) हा गट १९९५ पासून अशा स्त्रियांच्या पाठीशी उभा राहिला.

विवाहाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नाकारला. मद्रास उच्च न्यायालयाने मात्र २०२५ मध्ये, घरच्यांनी डांबलेल्या एका तरुणीची सुटका करताना, कुटुंब केवळ विवाहानेच उभे राहते असे नाही, असे स्पष्ट म्हटले. तरीही वारसाहक्कात जोडीदारणीला आपोआप काही मिळत नाही; त्यासाठी मृत्युपत्र करून ठेवावे लागते.