गाडीचं इंजिन ऑइल : कधी बदलायचं, कसं बदलायचं

ईदला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत गाडी काढून गावी जाणारी कुटुंबं आपल्यात कमी नाहीत. पाच माणसं, डिकीत सामान आणि पुढे घाट. निघताना टायर पाहिले जातात, पण बोनेट क्वचितच उघडलं जातं. काही वर्षांपूर्वी आमचंही असंच झालं. कशेडी घाटात ऑइलचा लाल दिवा लागला. "खेड आलंच, तिथे बघू," असं म्हणत आम्ही गाडी पुढे नेली. थोड्याच वेळात इंजिन ठोकू लागलं. अम्मी आणि मुलांना घेऊन रात्री रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं. नंतर इंजिन खोलावं लागलं आणि महिन्याच्या पगाराहून जास्त खर्च आला. वेळेवर ऑइल पाहिलं असतं तर हे टळलं असतं.

ऑइलचं काम काय? इंजिनचे धातूचे भाग एकमेकांवर घासू नयेत म्हणून ऑइल त्यांच्यामध्ये पातळ थर धरतं. ते उष्णता वाहून नेतं आणि कचरा फिल्टरपर्यंत पोहोचवतं. वापराने त्याची ताकद कमी होते.

कधी बदलायचं? आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना साधारण 10,000 किलोमीटर किंवा 1 वर्ष, यातलं जे आधी होईल ते. नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. गाडी कमी चालते म्हणून वर्ष उलटू देऊ नये. धूळ, ट्रॅफिक आणि रोजच्या छोट्या फेऱ्या असतील तर ऑइल लवकर बदलावं.

कोणतं घ्यायचं? पुस्तकात लिहिलेलंच. 5डब्ल्यू-30 मधला पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, तर दुसरा गरम इंजिनात त्याचा दाटपणा. सीलबंद डबा घ्या आणि बिल मागा.

पातळी कशी पाहायची? गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करा. पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणंही नुकसानीचं. ऑइल काळं दिसलं म्हणून लगेच घाबरू नये. मात्र दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलं असण्याची शक्यता असते. तेव्हा गाडी न चालवता मिस्त्रीला बोलवा.

बदलण्याची पद्धत
1. इंजिन थोडं कोमट करून बंद करा. उकळतं ऑइल हात भाजतं.
2. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. मजबूत स्टँड लावा, नाहीतर काम गॅरेजमध्येच करून घ्या.
3. खाली भांडं ठेवून चेंबरचा बोल्ट काढा. ऑइल गळून गेल्यावर नवा वॉशर लावून बोल्ट कसा.
4. फिल्टरही बदला. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला ऑइलचं बोट लावा. जुनी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, ते पाहा.
5. पुस्तकातल्या मापापेक्षा थोडं कमी ऑइल भरा. इंजिन मिनिटभर चालवून गळती तपासा, मग बंद करून डिपस्टिक पाहत उरलेलं भरा.

जुनं ऑइल गटारात किंवा परसात ओतू नका. कायद्याने तो घातक कचरा आहे. ज्या विहिरीच्या पाण्याने आपण वुजू करतो, त्याच पाण्यात ते झिरपू शकतं. डब्यात भरून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

बाकीची देखभाल
- टायरची हवा महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना. नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली की टायर बदला.
- कूलंटची पातळी टाकीवरच्या खुणेने पाहा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.
- ब्रेक ऑइल साधारण 2 वर्षांनी बदला.
- सीएनजी सिलिंडरची चाचणी दर 3 वर्षांनी.
- विमा आणि पीयूसीच्या तारखा लिहून ठेवा.

डॅशबोर्डमध्ये एक छोटी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि खर्च एवढंच लिहा. जुनी गाडी घेताना विकणाऱ्याकडेही हीच नोंद मागा. आमच्या गाडीची ती नव्हती आणि आम्हीही मागितली नव्हती.

लाल दिवा लागला की सुरक्षित जागी गाडी थांबवून इंजिन लगेच बंद करा. पुढचं गाव कितीही जवळ असो, तिथपर्यंत जाऊ नका. गाडीत बसलेली माणसं आपली अमानत आहेत.