फुफ्फुसांची घंटागाडी : एका शोधाची गोष्ट

आपण दिवसभरात साधारण १० हजार लिटर हवा आत घेतो. तिच्यासोबत धूळ, धूर, परागकण आणि जिवाणूही आत जातात. तरीही बहुतेकांची फुफ्फुसं वर्षानुवर्षं नीट चालतात. मग आतली सफाई करतं कोण? याचं उत्तर जुळायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

पहिला धागा १८३४ साली मिळाला. तेव्हा जर्मन राज्यात आणि आज पोलंडमध्ये असलेल्या ब्रेस्लाऊ शहरात पुर्किन्ये आणि व्हॅलेंटिन हे शास्त्रज्ञ सशाची बीजवाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. तिच्या आतल्या अस्तरावर बारीक लव हलताना दिसली. तशीच लव त्यांना श्वासमार्गातही आढळली. हिलाच आपण सिलिया म्हणतो. लवेवर चिकट पातळ थर असतो. त्यात धूळ आणि जंतू अडकतात, आणि सेकंदाला १० ते १५ वेळा हलणारी लव तो थर घशाकडे ढकलत राहते. तिथून आपण तो नकळत गिळतो किंवा थुंकतो. म्हणजे बेडका ही कचरा भरून निघालेली घंटागाडीच!

पण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथे लव नसते. तिथल्या पहारेकऱ्यांची ओळख पटली ती १८८२ साली. इटलीतल्या मेसिना इथे मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला होता! बाहेरून आलेलं गिळून टाकणाऱ्या या भक्षकपेशी. या कामासाठी त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या वायुकोशांतही अशाच पेशी गस्त घालतात.

आता एक कोडं. १९३३ साली झुरिकच्या डॉ. कार्टागेनर यांनी चार रुग्णांची नोंद केली. त्यांचं हृदय उजवीकडे, सायनसचा कायमचा त्रास आणि श्वासनलिका रुंदावून कफाने भरलेल्या. या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध?

तो कळला १९७६ साली, तोही वंध्यत्वाच्या तपासातून. स्वीडनचे आफ्झेलियस मूल न होणाऱ्या काही पुरुषांचे शुक्रजंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. शुक्रजंतू जिवंत होते, पण हलत नव्हते. शेपटीला हलवणारे आतले चिमुकले ‘हात’च नव्हते. शुक्रजंतूची शेपटी आणि श्वासमार्गातली लव यांची आतली रचना एकच! या पुरुषांना सर्दी-खोकल्याचाही जुना त्रास होता, आणि काहींचं हृदय उजवीकडे होतं. गर्भात अवयवांची डावी-उजवी बाजू ठरवण्यातही लवेचा वाटा असतो. लव थांबली की कफ साचतो आणि जंतूंचं फावतं, हे यातून स्पष्ट झालं.

तुमच्यासाठी यात काय? त्या रुग्णांत जन्मतःच असलेला दोष सिगारेटचा धूर धडधाकट माणसात निर्माण करतो. लव मंदावते आणि झडते. म्हणूनच सिगारेट सोडल्यावर काहींचा खोकला काही आठवडे वाढतो. ‘त्यापेक्षा ओढत होतो तेच बरं,’ असं म्हणून पुन्हा पेटवू नका. बंद पडलेली सफाई पुन्हा सुरू होत असते. मात्र खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, रक्त पडलं, ताप राहिला किंवा वजन घटलं, तर तपासणी हवीच.

भक्षकपेशींनाही मर्यादा आहेत. दगड फोडताना उडणारी सिलिकाची धूळ त्या गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या मरतात आणि फुफ्फुसात कायमचे व्रण पडतात. हा सिलिकोसिस. झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही. खाणीत, खडी क्रशरवर किंवा फरशी कापायच्या कामावर जाणारं घरात कोणी असेल, तर त्यांना एवढं सांगा : दगड ओला करूनच कापा, आणि तोंडाला नुसता रुमाल नको, बारीक धूळ अडवणारा घट्ट बसणारा मास्क लावा.