शिसपेन्सिलीची छाया : एक खाण, एक युद्ध आणि मूठभर माती

(१) शिसपेन्सिलीत शिसे नसते. तिच्यात असते ग्राफाइट, म्हणजे कार्बनचेच एक रूप. त्याला शिशाचा प्रकार समजण्याची जुनी चूक नावात तेवढी टिकून राहिली.

(२) ग्राफाइटपूर्वी युरोपातील चित्रकार चांदीच्या टोकदार तारेने रेखाटन करीत. तिची रेघ कितीही दाबली तरी गडद होत नसे आणि सहज पुसताही येत नसे. छाया दाट करायची तर रेघांवर रेघा ओढाव्या लागत; उजेड दाखवण्यासाठी रंगवलेल्या कागदावर पांढरा रंग लावावा लागे.

(३) सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे अत्यंत शुद्ध व घट्ट ग्राफाइट सापडले. ते कापून थेट लेखणीत बसवता येई. मात्र तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून लेप देण्यासाठीही तेच लागे. परिणामी त्याचे मोल इतके वाढले की १७५२ मध्ये पार्लमेंटने या खाणीतील चोरीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला.

(४) १७९३ मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले आणि फ्रान्सला हे ग्राफाइट मिळेनासे झाले. पर्याय शोधण्याचे काम चित्रकलेतून विज्ञानाकडे वळलेल्या निकोला-जाक काँते यांच्याकडे आले.

(५) काँते यांनी हलक्या ग्राफाइटची पूड चिकणमातीत मळली, तिच्या कांड्या केल्या व भट्टीत भाजल्या. १७९५ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. माती अधिक, तर कांडी कठीण व रेघ फिकट. ग्राफाइट अधिक, तर कांडी मऊ व रेघ काळीभोर. छायेची प्रत आता खाणीतील दगडावर नव्हे, तर कारागिराच्या मापावर ठरू लागली.

(६) उजेडाची कथा मात्र निराळी आहे. पेन्सिलचित्रातील उजळ भाग बहुधा काढला जात नाही. तो राखला जातो. तो कोऱ्या कागदाचाच शुभ्रपणा असतो. छायेखाली झाकलेला उजेड पूर्वी पावाच्या मऊ गराने टिपून परत आणीत. १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी पेन्सिलीच्या खुणा पुसणाऱ्या रबराची नोंद केली. सुमारे अर्ध्या इंचाच्या घनाकृती तुकड्याची किंमत होती तीन शिलिंग!

(७) आज एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारा विद्यार्थी एचबी, २बी, ४बी अशा पेन्सिली सहज निवडतो. त्या अक्षर-अंकांमागे मातीचे तेच प्रमाण आहे. युद्धाने एका देशाची खाण तोडली. त्या टंचाईतून चित्रकाराच्या हाती काळ्यापासून करड्यापर्यंतच्या साऱ्या छटा आल्या.