अपुरी पदवी आणि चार वर्षांची मुदत

परदेशी जाऊन अर्थशास्त्राची पदवी संपादन केलेल्या थोर पुरुषांची चरित्रे आपण वाचतो, तेव्हा आपली दृष्टी सहसा त्यांच्या नावापुढील अक्षरांवर खिळते. ती अक्षरे कोणत्या क्रमाने, किती खंड पडून आणि कोणत्या नियमांच्या आधाराने मिळाली, हा इतिहास मात्र दुर्लक्षित राहतो. वस्तुतः आपल्या मुलामुलींना उपयोगी पडेल असा भाग तोच होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेचा वृत्तान्त त्या दृष्टीने पुन्हा एकवार पाहण्याजोगा आहे.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली बी. ए. झाल्यावर भीमराव १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोदे संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली होती. तीबरोबर परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करारही होता. १९१५ साली ते एम. ए. झाले व १९१६ च्या जूनमध्ये त्यांनी हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नावरील प्रबंध पुरा केला. तथापि केवळ प्रबंध लिहून झाल्याने डॉक्टरेट पदरात पडत नसे. प्रबंध छापून त्याच्या प्रती सादर कराव्या लागत, आणि छपाईस पैसा लागे. म्हणजे अभ्यास झाला, पण पदवी राहिली.

१९१६ च्या ऑक्टोबरात त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले व बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही प्रवेश घेतला. तेथे जेमतेम वर्ष होते न होते तोच, १९१७ साली, शिष्यवृत्तीची मुदत संपली. दोन खंडांत दोन पदव्या अपुऱ्या टाकून परतणे प्राप्त झाले. महायुद्धाचे दिवस होते. त्यांचे सामान घेऊन निघालेली बोट शत्रूने बुडविली आणि जमविलेले ग्रंथ समुद्रार्पण झाले.

या निघण्याच्या गडबडीत त्यांनी एक गोष्ट मात्र विसरली नाही. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळविली. माझ्या मते या साऱ्या वृत्तान्ताचा कणा हाच आहे. ती परवानगी नसती, तर पुढे पैसा जमूनही आरंभापासूनच सुरुवात करावी लागण्याचा धोका होता.

करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले. परंतु इतक्या मोठ्या विद्वानास अस्पृश्य म्हणून त्या शहरात राहावयास जागा मिळेना, आणि नोकरी सोडून मुंबईस यावे लागले. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार दरमहा ४५० रुपये होता. त्यांनी राहणी वाढविली नाही. परळच्या चाळीत रमाबाईंनी काटकसरीने संसार सांभाळला आणि त्या शिलकीतून लंडनचा खर्च उभा राहू लागला. कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी साहाय्य केले. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. १९२० साली, मुदत सरण्यापूर्वी, ते पुनः लंडनला पोहोचले.

पुढील फळ सर्वश्रुत आहे. १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्सी. मिळाली. हा प्रबंधही परीक्षकांनी एकदा फेरदुरुस्तीसाठी परत केला होता. दुरुस्ती त्यांनी मुंबईस बसून केली. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला आणि १९२७ साली कोलंबियाची पीएच. डी. त्यांच्या हाती आली. न्यूयॉर्कला प्रथम पाऊल ठेवल्यापासून चौदा वर्षे लोटली होती!

पूर्वीच्या अभ्यासाचे मोल नवे विद्यापीठ कसे करते, याचे दुसरे उदाहरण केंब्रिजचे. मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या पदवीधरास तेथील तीन वर्षांची बी. ए. दोन वर्षांत पुरी करता येत असे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून गेलेले अमर्त्य सेन १९५५ साली, मुंबईच्या सिडनहॅमचे जगदीश भगवती १९५६ साली आणि मनमोहन सिंग १९५७ साली असेच उत्तीर्ण झाले. मनमोहन सिंग हे त्यापूर्वीच पंजाब विद्यापीठाचे एम. ए. होते, तरी पुन्हा बी. ए.च्या वर्गात बसण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही.

आता हीच गोष्ट अधिक बांधेसूद झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली भारतीय व परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याचे नियम केले. त्यांतील ‘ट्विनिंग’ पद्धतीत विद्यार्थी काही काळ परदेशी शिकतो. तेथील श्रेयांक एकूण श्रेयांकांच्या ३० टक्क्यांपर्यंत धरले जातात आणि पदवी भारतीय संस्था देते. संयुक्त पदवी व दुहेरी पदवी हे निराळे प्रकार आहेत. यास्तव मुलास किंवा मुलीस धाडण्यापूर्वी पालकांनी तीन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत : येथील कोणते विषय तेथे धरले जातील? अंतिम पदवी कोणाच्या नावाची? आणि मध्येच खंड पडल्यास परत येण्याची मुदत किती?

आपल्या मंडळाच्या धुरीणांनाही एक विनंती आहे. परदेशगमनाच्या वेळी हार घालणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या वर्षाची फी भरण्याच्या वेळी विद्यार्थी एकटा असतो. भथेना यांचे पाच हजार पहिल्या प्रवासाच्या वेळी आले नव्हते, ते मध्येच अडलेल्या माणसाच्या दुसऱ्या प्रवासाला आले. आपण विद्यार्थ्यांसाठी जे काही साहाय्य उभारू, त्याचा एक वाटा अशा अर्ध्या वाटेवर थांबलेल्यांसाठी निराळा राखून ठेवावा. प्रारंभ करून देणाऱ्याचे पुण्य थोर खरेच. पण अपुरे राहिलेले पुरे करून देणाऱ्याचे त्याहून तिळभरही उणे नाही.