विजरईंच्या तसबिरी आणि एक चितारी

जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज गव्हर्नर-विजरईंच्या तसबिरी आहेत. त्यांतल्या सर्वांत आधीच्या मालिकेचा कर्ता म्हणून गास्पार कोरैयाचे नाव घेतले जाते. याला आधार त्याच्याच ‘लेंदास दा इंदिया’ या बखरवजा ग्रंथाचा.

दीवचा वेढा मोडून १५४७ मध्ये गोव्यात परतलेल्या गव्हर्नर जुआंव द कास्त्रोने आधीच्या सर्व गव्हर्नरांची चित्रे करून घ्यायचे ठरवले. कोरैया सांगतो की आपल्याला रेखाटनाची समज होती आणि हे सगळे गव्हर्नर आपण पाहिलेले होते, म्हणून काम आपल्याकडे आले. इथे थांबायला हवे. कोरैया हिंदुस्थानात आला १५१२ साली. पहिला विजरई फ्रान्सिस्कु द आल्मैदा १५०९ च्या अखेरीस इथून निघाला आणि १५१० मध्ये परतीच्या वाटेवर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मारला गेला. निदान त्या एका चेहऱ्यापुरती तरी कोरैयाची साक्ष डोळ्यांदेखतची मानता येत नाही.

मात्र त्याच मजकुरातली दुसरी गोष्ट मला जास्त भरवशाची वाटते. ही चित्रे इथल्याच एका चिताऱ्याच्या मदतीने झाली आणि त्या माणसाचा हात उपजतच चांगला होता, असे कोरैया लिहितो. आपल्या श्रेयात वाटेकरी आणणारे विधान कोणी उगाच करत नाही. त्या वाटेकऱ्याचे नाव मात्र त्याने लिहिले नाही.

असा चितारी गोव्यात तेव्हा मिळणे शक्य होते का? गोव्यातल्या चर्चचा विकार-जनरल मिगेल वाझ याने १५४५ मध्येच पोर्तुगालच्या राजाकडे मागणी केली होती की हिंदू चित्रकारांना ख्रिस्ती प्रतिमा काढू देऊ नयेत. मग १५४६ चे राजा तिसऱ्या जुआंवचे पत्र आहे, तेही याच कास्त्रोला. मरियेच्या आणि संतांच्या प्रतिमा हिंदू कारागीर बनवतात, त्या दारोदार विकल्या जातात, हे बंद करा, असा त्याचा रोख. पुढे १५६७ च्या गोव्याच्या धर्मपरिषदेलाही तीच मनाई करावी लागली. आधीचे हुकूम पाळले गेले असते तर ती वेळ आली नसती. म्हणजे युरोपी धाटणीची धार्मिक चित्रे काढणारे हात तसबिरींच्या आधीही गोव्यात होते, नंतरही होते.

चित्रांवरून निवाडा करणे कठीण, कारण त्यांच्यावर नंतर पुन्हा पुन्हा रंग चढवले गेले. एकोणिसाव्या शतकात मोठी डागडुजी झाली. १९५० च्या दशकात लिस्बनला क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा वरच्या थराखालची जुनी चित्रे दिसू लागली. कुंचल्याची ओळख अशी पुसट झाल्यावर कागदाचेच वजन जास्त. म्हणून या मालिकेच्या नामफलकावर कोरैयाच्या शेजारी ‘आणि एक गोमंतकीय चितारी’ एवढे शब्द यायलाच हवेत.